ग्रेगोर मेंडेल

जून महिन्यांत शाळेंत नांव घालण्यासाठीं पालक आपल्या मुलांस घेऊन येतात, तेव्हां आम्हां शिक्षकांस एक गंमत पाहावयास मिळते. मूल दारांतून आंत येतांच, त्याचें नांव विचारण्यापूर्वींच, तें कोणाचें हें आम्ही पुष्कळदां ओळखतों. तेंच कपाळ, तेंच नाक, हंसण्याची तीच लकब! परंतु केव्हां केव्हां मुलाचें तोंडवळण आईशींहि जुळत नाहीं आणि बापाशींहि जुळत नाहीं. मग बरोबर आलेली आजी सांगते कीं, हा अगदीं आपल्या पणजोबांवर गेला आहे. पणजोबा तर केव्हांच वारले. मग मधल्या दोन पिढ्यांत तें नाक होतें तरी कोठें? हा प्रश्न मनुष्यानें हजारों वर्षें स्वतःस विचारला असेल. पण त्याचें उत्तर मोजून काढावें असें फारच थोड्यांस सुचलें. ज्या गृहस्थांनीं तें मोजून काढिलें ते पेशानें शाळामास्तर होते, आणि शिक्षकाच्या परीक्षेंत दोनदां अपयश घेऊन परतलेले होते. त्यांचेंच चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळींस येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आज ज्यास चेक प्रजासत्ताक म्हणतात त्या देशांत हिंचित्से नांवाचें एक लहानसें खेडें आहे. त्या काळीं तो मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होता, गांवचे लोक जर्मन भाषा बोलत आणि गांवास हाइंझेनडॉर्फ म्हणत. तेथें अंतोन मेंडेल नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं १८२२ सालच्या जुलै महिन्यांत योहान जन्मला. दोन बहिणींच्या मध्यें हा एकुलता एक मुलगा. अंतोनला घरची जमीन होती खरी, परंतु आठवड्यांतून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबावें लागे. उरलेल्या वेळांत तो फळझाडांस कलमें बांधी. गांवचे धर्मगुरु ह्या विद्येचे मोठे शोकीन होते. चांगल्या जातीच्या डाहाळ्या आणून ते शेतकऱ्यांस देत. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडावर बांधली तरी ती आपल्याच जातीचें फळ देते, हें योहाननें पुस्तकांत वाचण्याच्या पुष्कळ आधीं बापाच्या वाडींत पाहिलें होतें.

मुलगा हुशार निघाला, म्हणून त्याला दूरच्या शाळेंत पाठविलें. घरून खानावळीचे पुरते पैसे येत नसत. तो अर्ध्या जेवणावर राहून शिकला. योहान सोळा वर्षांचा असतां रानांत लांकडाचा ओंडका अंगावर पडून बापाची छाती दुखावली आणि मग घरून येणारें अर्धेंहि बंद झालें. शिकवण्या करून तो आपला खर्च भागवूं लागला, परंतु उपास व काळजी यांनीं त्याची प्रकृति ढांसळली आणि त्याला कित्येक महिने अंथरूण धरावें लागलें. शेवटीं बापानें शेत थोरल्या जांवयाच्या स्वाधीन केलें. आतां शिक्षण संपलें असें दिसत असतां धाकटी बहीण तेरेझिया पुढें आली. तिच्या लग्नासाठीं जो पैसा बाजूला ठेविला होता त्यांतला कांहीं भाग तिनें भावाच्या शिक्षणास देऊन टाकिला. ती ह्यापुढें ह्या चरित्रांत फारशी दिसणार नाहीं, म्हणून येथेंच सांगून ठेवितों: पुढें बरे दिवस आल्यावर भावानें तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यांपैकीं दोघे डॉक्टर झाले.

१८४३ सालीं एका प्राध्यापकांच्या शिफारशीनें योहान ब्रून शहरांतील ऑगस्टिनी पंथाच्या मठांत दाखल झाला. मठांत प्रवेश करितांना नवें नांव घेण्याची चाल आहे. त्याप्रमाणें तो ग्रेगोर झाला. पोटाच्या विवंचनेंतून सुटावें हाहि हेतु त्यांत होता, आणि तो त्यांनीं स्वतः कधीं लपविला नाहीं. पण मठहि साधा नव्हता. मठाधिपति नाप हे मोठे विद्याव्यासंगी होते. ब्रून ही लोकरीच्या कापडाची पेठ. उत्तम लोकरीच्या मेंढ्या कशा निपजवाव्या ह्याविषयीं तेथें नेहमीं खल चाले आणि नाप त्यांत भाग घेत. आईबापांकडून संततींत काय उतरतें व कसें उतरतें, हा प्रश्न ह्या मठाच्या भिंतीआड मेंडेल येण्यापूर्वींच शिरलेला होता.

१८४७ सालीं मेंडेल यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पण आजाऱ्यांच्या व मरणोन्मुख माणसांच्या बिछान्याशीं उभें राहिलें कीं ते स्वतःच आजारी पडत. नाप यांनीं हें ओळखून त्यांस शाळेंत शिकविण्यास पाठविलें. तेथें मात्र ते रमले. मुलांस ते आवडत. वर्गांत त्यांचा विनोद चाले. कायम नेमणुकीसाठीं सरकारी परीक्षा देणें प्राप्त होतें. १८५० सालीं ती त्यांनीं दिली आणि सृष्टिविज्ञानाच्या विषयांत ते अनुत्तीर्ण झाले! मठानें त्यांस दोन वर्षें व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयांत पाठविलें. तेथें ज्यांच्या नांवानें ध्वनीचा एक नियम आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे त्या डॉप्लर यांच्यापाशीं ते पदार्थविज्ञान शिकले. वनस्पतिशास्त्र उंगर यांच्यापाशीं शिकले. १८५६ सालीं त्यांनीं पुनः परीक्षेस बसण्याचा प्रयत्न केला, पण आजारामुळें ती अर्धवट टाकून परत यावें लागलें. ह्यानंतर त्यांनीं परीक्षेचें नांव काढिलें नाहीं. १८५४ पासून १८६८ पर्यंत चौदा वर्षें ब्रूनच्या शाळेंत ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवीत राहिले.

ज्या वर्षीं परीक्षेनें त्यांस दुसऱ्यांदां परत पाठविलें त्याच वर्षीं त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाणे लाविले. वाफा सुमारें ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्यापेक्षां फार मोठा नव्हे. पण तयारी पाहा. आधीं त्यांनीं ३४ प्रकारचें बियाणें मिळविलें, दोन वर्षें तें नुसतें पेरून पाहिलें, आणि जें पिढ्यान्‌पिढ्या हुबेहूब आपल्यासारखेंच निपजतें असें २२ प्रकारचें बियाणें कामासाठीं निवडलें. वाटाणाच कां, हेंहि पाहण्यासारखें आहे. वाटाण्याचें फूल आंतून मिटलेलें असतें. त्यांतले पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच डबींत बंद असल्यामुळें आपल्याच परागानें त्यांत बीं धरतें. दोन जातींचा संकर करावयाचा तर कळी उमलण्यापूर्वींच हलक्या हातानें उघडून तींतले पुंकेसर चिमट्यानें खुडावयाचे, दुसऱ्या जातीच्या फुलांतला पराग आणून तिच्या स्त्रीकेसरावर लावावयाचा, आणि एखादा किडा आंत शिरून घोटाळा करूं नये म्हणून फुलाला लहानशी पिशवी बांधावयाची. असें एका फुलाला नव्हे, शेंकडों फुलांना. हीं सर्व कामें शाळा सांभाळून आठ वर्षें चाललीं, आणि त्या काळांत सुमारें २८,००० रोपें त्यांच्या हाताखालून गेलीं असें सांगतात.

त्यांच्या आधींच्या लोकांनीं संकर केले नव्हते असें नाहीं. पण ते सबंध झाडाकडे पाहत आणि गोंधळून जात. मेंडेल यांनीं झाड बाजूला ठेवून झाडाचा एकेक गुण घेतला. दाणा गोल कीं सुरकुतलेला, पिंवळा कीं हिरवा, फूल जांभळें कीं पांढरें, रोप उंच कीं बुटकें, अशा सात जोड्या त्यांनीं निवडल्या. आपल्या घरीं उसळीसाठीं जो वाळलेला वाटाणा आणतात तो गोल व गुळगुळीत असतो. पण गोड मटाराचें बियाणें विकत आणलें तर तें बहुधा सुरकुतलेलें मिळतें. ह्या दोहोंचा संकर केला तर काय व्हावें? त्या काळचे बहुतेक लोक म्हणत कीं, तांबडा रंग पांढऱ्या रंगांत मिसळला म्हणजे गुलाबी होतो, तशीच संतति मधल्या रूपाची व्हावी. तसें झालें नाहीं. पहिल्या पिढीचे सारे दाणे गोल निघाले. सुरकुती जणूं पुसून गेली. मग तेच दाणे पेरून त्यांची फुलें आपापल्या परागानें फळूं दिलीं. ह्या दुसऱ्या पिढींत ७,३२४ दाणे आले. मेंडेल यांनीं ते एकेक मोजले. ५,४७४ गोल, आणि १,८५० सुरकुतलेले! गेलेली सुरकुती परत आली होती, आणि ती मुळांत होती तितकीच ठळक होती, पुसट झालेली नव्हती. रंगाचें पाहिलें तों ६,०२२ पिंवळे आणि २,००१ हिरवे. प्रत्येक जोडींत तिनास एक हेंच प्रमाण पुनः पुनः येत होतें.

गणित आवडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें घटकाभर थांबावें. मेंडेल यांनीं असें ताडलें कीं, प्रत्येक गुणासाठीं रोपाजवळ दोन अंश असतात, एक बापाकडून आलेला व एक आईकडून. ते दोन अंश एकमेकांत विरघळत नाहींत. रोप पुढें पराग किंवा बीजांड तयार करितें तेव्हां त्यांपैकीं एकच अंश त्यांत जातो. कोणता जाईल हें रुपया उडविल्यावर छापा पडेल कीं कांटा पडेल इतकेंच अनिश्चित. गोल हा अंश प्रबळ आहे, तो एकटा असला तरी दाणा गोल होतो. सुरकुतीचा अंश दुर्बळ, तो दोन्हीकडून आला तरच दिसतो. दोन रुपये एकदम उडवा: चार वेळांत सरासरीनें एकदां दोन्ही कांटे पडतात. तोच सुरकुतलेला दाणा. पण मग गोल दिसणाऱ्या तीन दाण्यांपैकीं दोहोंच्या पोटीं सुरकुती लपलेली असली पाहिजे आणि एकच निर्भेळ गोल असला पाहिजे. हें खरें कीं खोटें? मेंडेल यांनीं गोल दाण्यांपासून ५६५ रोपें वाढविलीं. १९३ रोपांनीं गोल तेवढेच दाणे दिले. ३७२ रोपांच्या शेंगांत दोन्ही प्रकारचे दाणे निघाले. पणजोबांचें नाक मधल्या दोन पिढ्यांत कोठें होतें, ह्याचें उत्तर ह्या दोन आंकड्यांत आहे. (नाकाची गोष्ट वाटाण्याहून गुंतागुंतीची आहे, हें मात्र कबूल केलें पाहिजे, माणसाची उंची, रंग, चेहरा हीं अशा पुष्कळ अंशांच्या एकत्र कामानें आणि अन्नपाण्यानेंहि ठरतात.)

येथें एक आक्षेपहि सांगितला पाहिजे. इंग्लंडांतील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीं १९३६ सालीं हे सर्व आंकडे तपासून असें दाखविलें कीं, ते नियमाशीं जरा अतिच चांगले जुळतात. ह्यावर पुष्कळ वाद झाला. परंतु मेंडेल यांनीं लबाडी केली असें बहुतेक अभ्यासक मानीत नाहींत. आणि ज्यांनीं ज्यांनीं पुढें वाटाणे पेरून मोजले त्यांस तिनास एक हेंच प्रमाण मिळालें. हा प्रयोग कोणीहि हिवाळ्यांत करून पाहावा.

१८६५ सालच्या ८ फेब्रुवारीस व ८ मार्चास ब्रूनच्या सृष्टिविज्ञान मंडळापुढें मेंडेल यांनीं आपला निबंध वाचला. फुलापानांच्या गोष्टींत बीजगणित कशाला, असेंच श्रोत्यांस वाटलें असावें. चर्चेंतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं. १८६६ सालीं मंडळाच्या अहवालांत तो छापून आला आणि शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. त्यांच्या ४० सुट्या प्रति मेंडेल यांनीं काढवून घेतल्या व नामांकित पंडितांस पाठविल्या. म्यूनिकचे प्राध्यापक नेगेली यांनीं तेवढें उत्तर दिलें, आणि ह्या उत्तरानेंच मेंडेल यांचें नुकसान केलें असें म्हणावें लागतें. नेगेली यांस वाटाण्याचें कांहींच वाटलें नाहीं. हॉकवीड नांवाच्या पिंवळ्या फुलांच्या रानटी झाडावर प्रयोग करा असें त्यांनीं सुचविलें. मेंडेल यांनीं कित्येक वर्षें त्या बारीक फुलांवर डोळे शिणविले. दृष्टि अधू होण्याची वेळ आली. पण तेथें तिनास एक येईना. कारण असें कीं, त्या झाडांत बहुधा परागावांचूनच बीं धरतें व रोपें केवळ आईसारखीं होतात. ही गोष्ट त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हती. चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ मेंडेल यांनीं काळजीपूर्वक वाचला होता. पण डार्विन यांस मेंडेल हें नांव माहीत झाल्याचें दिसत नाहीं. संततींत गुण कसे उतरतात हें न कळल्यामुळें डार्विन जन्मभर अडले, आणि उत्तर छापून पडलेलें होतें!

१८६८ सालीं मेंडेल यांची मठाधिपति म्हणून निवड झाली. शाळा सुटली, वाफे सुटले. मधमाश्या पाळणें व रोजच्या हवामानाची नोंद ठेवणें एवढा छंद त्यांनीं राखला. १८७४ सालीं सरकारनें मठांच्या मालमत्तेवर नवा कर बसविला. तो अन्यायाचा आहे असें ठरवून त्यांनीं तो देण्याचें शेवटपर्यंत नाकारिलें. ह्या भांडणांत मित्र दुरावले. मूत्रपिंडाच्या विकारानें ६ जानेवारी १८८४ रोजीं ते वारले. अंत्ययात्रेस गांव लोटलें होतें. पण तें एका दयाळू मठाधिपतीला निरोप देण्यास आलें होतें, शास्त्रज्ञाला नव्हे. पुढें त्यांचे बहुतेक कागद जाळून टाकण्यांत आले.

१९०० सालीं हॉलंडांत द फ्रीस, जर्मनींत कोरेन्स व ऑस्ट्रियांत चेर्माक अशा तिघांनीं अशाच प्रकारचे प्रयोग केले, आणि आपण काढलेला नियम चौतीस वर्षांपूर्वींच छापलेला आहे असें तिघांनींहि पाहिलें. मेंडेल यांच्या त्या अंशास १९०९ सालीं जीन हें नांव मिळालें. आपण मराठींत त्यास जनुक म्हणतों. आणि सुरकुतीचें रहस्य १९९० सालीं इंग्लंडांत उलगडलें. वाटाण्यांत साखरेचा पिष्ट करणारें एक द्रव्य असतें. तें घडविणाऱ्या जनुकांत एक परका तुकडा घुसला कीं तें बिघडतें. मग दाण्यांत साखर उरते, साखरेबरोबर पाणी जास्त शिरतें, आणि वाळतांना दाणा आकसून सुरकुततो. मटार गोड लागतो तो ह्याच बिघाडामुळें.

बिघडलेला जनुक नेहमींच असा गोड नसतो. विदर्भांत आणि नंदुरबारकडच्या सातपुड्याच्या पट्ट्यांत सिकलसेल नांवाचा रोग पालकांस ऐकून ठाऊक असेल. तेथें रक्तांतल्या हिमोग्लोबिनच्या जनुकांत एकाच अक्षराची चूक झालेली असते. ती चूक दोन्हीकडून आली तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल वेदनांनीं तळमळतें. एकीकडूनच आली तर माणूस बहुधा निरोगी असतो. इतकेंच नव्हे, तर तीव्र हिंवतापापासून त्याचा बचाव होतो, हें अँथनी अ‍ॅलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंत दाखविलें. ज्या मुलखांत हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या माजलेला होता तेथें असे लोक अधिक जगले, म्हणून ती चूक टिकली. असें मूल जन्मास आलें कीं आपल्याकडे बोल बहुधा आईला लागतो. परंतु वाटाण्याच्या हिशेबानें पाहिलें तर एक अंश आईचा आणि एक बापाचा, आणि दोघेहि गोल दाण्यासारखे वरून धडधाकट. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलास चारांत एक इतका रोगाचा संभव असतो, आणि पहिलें मूल निरोगी झालें म्हणून दुसऱ्याचा संभव वाढतहि नाहीं व कमी होतहि नाहीं. रक्ताची साधी तपासणी लग्नापूर्वीं केली तर हें आधींच कळतें. १ जुलै २०२३ रोजीं भारत सरकारनें ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा पायाहि तपासणी हाच आहे.

मेंडेल यांच्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यांच्या जन्मास दोनशें वर्षें होणार म्हणून २०२१ सालीं ब्रूनच्या शास्त्रज्ञांनीं मठाच्या अनुमतीनें त्यांची कबर उघडली. शहराचें नांव आतां ब्रनो झालें आहे. अस्थींतून त्यांनीं जनुकद्रव्य काढिलें, मठांतल्या त्यांच्या वस्तूंवर मिळालेल्या खुणांशीं तें ताडून पाहून माणूस तोच अशी खात्री केली, आणि मग तें वाचलें. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या विकारांशीं ज्यांचा संबंध आहे असे फरक त्यांत आढळले. अंतोन मेंडेलच्या कीं रोझीनेच्या वंशांतून ते आले हें सांगणारें आतां कोणी नाहीं. तपासणी संपल्यावर अस्थि पुनः त्याच कबरींत ठेवण्यांत आल्या.